ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्याकडूनच फी?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

एक विनंती करायला लिहितेय, आणि ती का करतेय हे सांगायला जरा लांबण लागणार आहे, तेवढं सांभाळून घ्या. तुमच्या पेपरात शेअर बाजार, म्युच्युअल फंड, बँका यांवर जे तज्ज्ञ लिहितात त्यांच्या लेखाखाली नाव आणि ईमेल असतो. त्याच्याच खाली अजून एक ओळ छापायला सुरुवात करा. हे लेखक कोणत्या कंपनीच्या बोर्डावर आहेत, सल्ल्याची फी कोणाकडून घेतात, आणि ज्यावर लिहिलंय त्यात त्यांचे स्वतःचे पैसे आहेत का. एवढंच.

हे डोक्यात आलं 'इनसाइड जॉब' ही डॉक्युमेंटरी बघून. २०१० सालची आहे, चार्ल्स फर्ग्युसनने केलीय, निवेदन मॅट डेमनचं, ऑस्करही मिळालंय. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बँका कोसळल्या आणि सगळ्या जगाला मंदीत घेऊन गेल्या त्याची ही पावणेदोन तासांची कथा. तो सगळा काळ आपल्याला आठवतो, सेन्सेक्स जानेवारीत २१ हजारांवर होता तो ऑक्टोबरात ८ हजारांच्या खाली आला, आयसीआयसीआय बँक बुडणार अशी अफवा उठली आणि बँक सुरक्षित आहे असं शेवटी रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं. पण हे नेमकं कसं घडलं ते इतकं स्वच्छ मला आजवर कोणी समजावलं नव्हतं.

डॉक्युमेंटरी बघून बहुतेक जण म्हणतात, लोभ हो, दुसरं काय. मला हे पटत नाही. लोभ काय सगळीकडेच असतो, आमच्या तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेतही होता. तो रोखायला माणसं नेमलेली असतात, ऑडिटर असतो, रेटिंगवाले असतात, सरकारी खातं असतं, विद्यापीठातले प्रोफेसर असतात, आणि तिथे झालं काय तर ज्यांनी "थांबा, हे धोक्याचं आहे" म्हणायचं त्यांचं मीठ-भाकर ज्यांना थांबवायचं त्यांच्याकडूनच येत होतं. मला डॉक्युमेंटरीचा खरा विषय हाच वाटला. मधे वॉल स्ट्रीटवाल्यांच्या ड्रग्ज आणि बायकांचा भाग आहे, तो नसता तरी काही बिघडलं नसतं, उलट त्याने लक्ष भलतीकडे जातं.

मी सहकारी बँकेत लोन सेक्शनला होते. घराच्या लोनची फाईल आली की पगाराची स्लिप, फॉर्म १६, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, दोन जामीनदार, आणि एवढं सगळं असूनही एकदा जागेवर जाऊन यायचं. कारण ते लोन थकलं तर पुढची पंधरा वर्षं त्या मंजुरीच्या कागदावर आपली सही दिसत राहणार, आणि इन्स्पेक्शनला आलेले साहेब पहिलं तेच पान उघडणार. अमेरिकेत नेमका हा सहीचा धाकच गेला. लोन देणारी कंपनी ते लोन लगेच वॉल स्ट्रीटच्या बँकेला विकून मोकळी, ती बँक अशी हजारो लोन एकत्र बांधून, त्यात कारची, क्रेडिट कार्डाची, विद्यार्थ्यांची लोनंसुद्धा घालून त्याचा सीडीओ नावाचा प्रकार तयार करणार आणि जगभर विकणार. हप्ता आला काय आणि नाही आला काय, मधल्या प्रत्येकाची फी आधीच वसूल. मग कोण कशाला स्लिप तपासतोय? उलट जितकं महाग आणि फसवं लोन तितकं कमिशन जास्त, म्हणून ज्यांना साधं लोन मिळू शकलं असतं त्यांच्याही गळ्यात सबप्राईम, म्हणजे पत कमी असलेल्यांना देतात ते महागडं लोन, मारलं गेलं. लोकांनी झेपत नसताना लोन घेतलीच कशाला असं विचारणारे भेटतात. त्यांना माझं उत्तर, घेणारा अडलेला असतो हो, तो विचारणारच. पण नाही म्हणायचं काम देणाऱ्याचं असतं आणि त्याचाच त्याला पगार असतो.

पण तरीही, हे विकत घेणारे काही अडाणी नव्हते. मोठमोठे पेन्शन फंड होते. मिसिसिपी राज्याच्या सरकारी नोकरांचा निवृत्ती फंड आहे, ८० हजारांवर पेन्शनरांचा, त्यांचेही पैसे यात बुडाले. आता पेन्शन फंडाच्या मॅनेजरने हजारो घरांच्या फाईली कुठे तपासायच्या, तो रेटिंग बघतो, रेटिंग ट्रिपल ए म्हणजे सरकारी रोख्याइतकं सुरक्षित, की घेतला. आणि हे ट्रिपल ए कोण देत होतं तर मूडीज, स्टँडर्ड अँड पुअर्स आणि फिच या तीन कंपन्या. आणि त्यांना फी कोण देत होतं? ज्या बँकेचा सीडीओ आहे तीच बँक! एका कंपनीने जास्त चिकित्सा केली तर बँक उठून दुसरीकडे जाणार, हे दोघांनाही माहीत. २००० ते २००७ या काळात मूडीजचा नफा चौपट झाला असं डॉक्युमेंटरीत सांगितलंय, हे वाढलेले पैसे कुठून आले ते वेगळं सांगायला नको. लेहमन ब्रदर्स १५ सप्टेंबर २००८ ला दिवाळखोरीत गेली, त्याच्या काही दिवस आधीपर्यंत तिचं रेटिंग चांगलं 'ए' दर्जाचं होतं. एआयजी या महाकाय इन्शुरन्स कंपनीला सरकारने ८५ अब्ज डॉलर देऊन वाचवलं, तिलाही काही दिवस आधीपर्यंत डबल ए होतं.

मग अमेरिकन काँग्रेसपुढे या रेटिंग कंपन्यांच्या लोकांना बोलावलं आणि विचारलं. एकामागोमाग एक सगळे तेच सांगतात, की रेटिंग म्हणजे फक्त आमचं मत असतं, त्याच्यावर विसंबून कोणी गुंतवणूक करावी असं नाही. मी तो भाग तीनदा मागे नेऊन बघितला. ज्या मतासाठी भरघोस फी घेतली, ज्या मतावर नियमाने कोट्यवधींची खरेदी व्हायची, ते बुडल्यावर नुसतं मत! संताप आला मला. आमच्या बँकेच्या व्हॅल्युअरने चुकीचं व्हॅल्युएशन दिलं आणि "माझं मत होतं" म्हणाला असता तर त्याला पॅनेलवर दुसऱ्या दिवशी ठेवलं नसतं.

एआयजीचं थोडक्यात सांगते. हे सीडीओ बुडाले तर भरपाई देऊ असा इन्शुरन्ससारखा करार ती विकत होती, आणि असा करार ज्याच्याकडे तो सीडीओ नाहीच अशालाही करता येत होता, म्हणजे दुसऱ्याचं बुडावं म्हणून पैसे लावायची सोय. गोल्डमन सॅक्स या वॉल स्ट्रीटच्या बँकेने एकीकडे गिऱ्हाइकांना सीडीओ विकले आणि दुसरीकडे तसलेच बुडतील यावर एआयजीकडून किमान २२ अब्ज डॉलरचे करार घेतले. एआयजी बुडाली तेव्हा सरकारी पैशातून गोल्डमनला पूर्ण रक्कम मिळाली, एक सेंट कमी नाही. तेव्हाचे अर्थमंत्री हेन्री पॉलसन, ते आधी गोल्डमनचेच प्रमुख होते.

याची तयारी खूप आधीपासून झाली होती हेही महत्त्वाचं आहे. १९३३ मध्ये महामंदीच्या काळात कायदा झाला होता की लोकांच्या ठेवी घेणाऱ्या बँकेने सट्टेबाजीच्या धंद्यात पडायचं नाही. १९९८ मध्ये सिटीकॉर्प ही बँक आणि ट्रॅव्हलर्स ही इन्शुरन्स कंपनी यांनी त्याला न जुमानता विलीनीकरण केलं आणि पुढच्याच वर्षी तो कायदा मोडीत काढला गेला. त्याच सुमारास ब्रुक्सली बॉर्न नावाच्या बाई तिथल्या वायदे बाजाराच्या नियामक होत्या, त्यांनी म्हटलं या डेरिव्हेटिव्हजवर, म्हणजे एआयजी विकायची तसल्या करारांवर, काहीतरी नियंत्रण हवं, नुसता प्रस्ताव मांडला हो, तर तिथल्या सेंट्रल बँकेचे प्रमुख ग्रीनस्पॅन, अर्थमंत्री रुबिन, त्यांचे उपमंत्री समर्स अशी त्या काळची सगळी बडी नावं त्यांच्यावर तुटून पडली. २००० साली कायदाच करून टाकला की यांच्यावर नियंत्रण आणायचं नाही. दहा वर्षांनी सगळं जग त्या बाईंचं बरोबर होतं असं म्हणायला लागलं. त्यांचं नाव आपल्याकडच्या कॉमर्सच्या मुलींना माहीत असायला पाहिजे.

आता माझ्या विनंतीचा जो संबंध आहे त्यावर येते, प्रोफेसर मंडळी.

डॉक्युमेंटरी सुरू होते आइसलँडपासून. तेव्हा सव्वातीन लाखाच्या आत-बाहेर लोकसंख्या, म्हणजे आमचं सांगली-मिरज-कुपवाड धरलं तर त्याहून लहान देश. तिथल्या तीन बँका सरकारकडून खासगी झाल्या आणि पाच वर्षांत त्यांनी १२० अब्ज डॉलर उसने घेतले, देशाच्या अर्थव्यवस्थेच्या दहापट. २००६ मध्ये लोकांना शंका यायला लागल्यावर तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सने अमेरिकेहून फ्रेडरिक मिश्किन यांना आणलं, कोलंबिया विद्यापीठाचे नामवंत प्रोफेसर, त्यांनी सहलेखकाबरोबर अहवाल लिहिला की आइसलँडची आर्थिक स्थिती भक्कम आहे. त्याचे त्यांना मिळाले १ लाख २४ हजार डॉलर. २००८ च्या ऑक्टोबरात तिन्ही बँका एका आठवड्यात झोपल्या. फर्ग्युसन त्यांना समोर बसवून विचारतो, तपासलंत काय तुम्ही? तर उत्तर येतं की तिथल्या सेंट्रल बँकेवर विश्वास ठेवला. मग तो विचारतो, तुमच्या बायोडेटात त्या अहवालाचं नाव बदललेलं कसं? मूळ नावात आर्थिक स्थैर्य होतं आणि बायोडेटात ते 'अस्थैर्य' झालं होतं. छपाईची चूक असेल, असं उत्तर. त्या माणसाचा चेहरा बघवत नाही त्या वेळी.

दुसरे ग्लेन हबर्ड, कोलंबिया बिझनेस स्कूलचे तेव्हाचे डीन, बुश यांचे मुख्य आर्थिक सल्लागार होते. या डेरिव्हेटिव्हजमुळे अर्थव्यवस्था स्थिर होते असा पेपर त्यांनी २००४ मध्ये लिहिला होता, आणि सहलेखक होते गोल्डमन सॅक्सचे अर्थतज्ज्ञ. हे स्वतः मेटलाईफ इन्शुरन्सच्या बोर्डावर. फर्ग्युसनने त्यांना फक्त एवढं विचारलं की तुम्ही कोणकोणत्या फायनान्स कंपन्यांना सल्ला देता. डीनसाहेब चिडले, आवाज बदलला, म्हणाले तुमच्याकडे तीन मिनिटं उरलीत, काय विचारायचं ते विचारा. इतका साधा प्रश्न! आमच्याकडे संचालकाच्या नातेवाईकाचं लोन असेल तर त्या संचालकाला मीटिंगमधून उठून बाहेर जावं लागायचं आणि मिनिट्समध्ये तशी नोंद व्हायची, आणि तिथे जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठाच्या डीनला कोणाचे पैसे घेता एवढं विचारलं तर अपमान वाटतो.

सगळेच असे नव्हते, हे पण डॉक्युमेंटरी सांगते आणि ते आपल्याला जवळचं आहे. रघुराम राजन. २००५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत जॅक्सन होल इथे सगळ्या जगाच्या बँकर्सची परिषद होती, ग्रीनस्पॅन यांना निरोप द्यायची, तिथे आयएमएफचे मुख्य अर्थतज्ज्ञ म्हणून राजन यांनी सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं की तुमची बोनसची पद्धतच धोक्याची आहे, यंदाच्या नफ्यावर बोनस मिळतो आणि पुढे तोटा झाला तर खिशातून काही जात नाही, मग माणूस बँक बुडेल एवढी जोखीम घेणारच. लॅरी समर्स यांनी तिथेच त्यांच्यावर टीका केली. तीन वर्षांनी राजन म्हणाले तसंच झालं, आणि २०१३ मध्ये तेच आपल्या रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. डॉक्युमेंटरीत ते शांतपणे हे सांगतात, कुठे मी म्हणालो होतो असा सूर नाही.

या डॉक्युमेंटरीमुळे काही झालं का? झालं, आणि म्हणूनच मी हे पत्र लिहायची हिंमत करतेय. कोलंबिया बिझनेस स्कूलने प्रोफेसरांनी बाहेरची कामं जाहीर करावीत असा नियम केला, आणि जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने आपल्या जर्नल्ससाठी नियम केला की लेखाबरोबर लेखकाने कोणाकडून पैसे घेतलेत ते सांगायचं. नुसत्या प्रश्न विचारण्याने एवढा बदल झाला. तुरुंगात मात्र जवळपास कोणी गेलं नाही, फर्ग्युसन ऑस्करच्या स्टेजवर हेच बोलला होता. त्या छोट्या आइसलँडने काउपथिंग बँकेच्या वरच्या लोकांना आत टाकलं, २०१५ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम केली.

हे अमेरिकेचं झालं, आपल्याला काय, असं कोणी म्हणेल. आपली मुंबईतली क्रिसिल एस अँड पीच्या मालकीची आहे, इक्रामध्ये मूडीजचा निम्म्याहून जास्त हिस्सा आहे, आणि इंडिया रेटिंग्ज फिच ग्रुपची. म्हणजे तीच तीन घराणी. पद्धतही तीच, ज्याचं रेटिंग त्याची फी. २०१८ आठवा. वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समधली आयएल अँड एफएस, रस्ते-पुलांसारख्या कामांना पैसे पुरवणारी कंपनी, सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज, आणि त्या वर्षीच्या जुलैपर्यंत ट्रिपल ए, सप्टेंबर संपायच्या आत थेट 'डी', म्हणजे बुडीत. मधल्या पायऱ्या चार-सहा आठवड्यांत उतरली. इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज, तिघांनी रेटिंग दिलेलं. कितीतरी कंपन्यांच्या कामगारांचा प्रॉव्हिडंट फंड त्यात होता, कारण ट्रिपल ए होतं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने डिसेंबर २०१९ मध्ये या तीन रेटिंग कंपन्यांना दंड केला, प्रत्येकी २५ लाख, पुढे वाढवून १ कोटी केला. ९१ हजार कोटींपुढे १ कोटी. माझ्याबरोबर नोकरीला असलेल्या एका बाईंनी निवृत्तीच्या पैशांतले बरेचसे एका फायनान्स कंपनीच्या ठेवीत ठेवले होते, दुसरीच कंपनी ही, एजंटने दिलेल्या पत्रकावर कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत ट्रिपल ए छापलेलं. काही वर्षांनी हातात आले ते अर्ध्याहून कमी. त्या काही शेअर बाजारात खेळायला गेल्या नव्हत्या, त्यांनी सुरक्षित म्हणून सांगितलेलं घेतलं होतं. बँकेतल्या ठेवीला निदान ५ लाखांपर्यंत विमा असतो, कंपनीच्या ठेवीला तोही नाही, हे त्या पत्रकात कुठे नव्हतं.

यावर उपाय नाही असं नाही. आमच्या बँकेत व्हॅल्युएशनची फी कर्जदारच भरायचा, पण व्हॅल्युअर कोण ते बँक ठरवायची, पॅनेलवरून पाळीने, कर्जदाराला निवड नाही. पैसे देणारा आणि निवडणारा वेगळा केला की अर्धा प्रश्न सुटतो. अमेरिकेत सिनेटर अल फ्रँकन यांनी २०१० मध्ये रेटिंगबाबत हेच सुचवलं होतं, कंपनी कोणती ते एक स्वतंत्र मंडळ ठरवेल, सिनेटमध्ये ६४ विरुद्ध ३५ ने मंजूरही झालं होतं, पण शेवटच्या कायद्यात ते नुसतं "अभ्यास करू" एवढ्यावर आलं आणि तिथेच राहिलं. आपल्याकडे सेबीला हे करता येईल, तुमच्यासारख्या पेपरने ते लावून धरलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

ते होईल तेव्हा होईल, पण लेखाखालची ओळ तुमच्या हातात आहे. मला तुमच्या लेखकांवर संशय घ्यायचा नाहीये, त्यातल्या दोघातिघांचे लेख तर मी कापून ठेवते. पण एखादे गृहस्थ अमुक क्षेत्रातले शेअर आता घ्यावेत असं लिहितात आणि वाचणारा माणूस महिन्याची एसआयपी वळवतो, त्याला एवढं कळायला हवं की लेखकाच्या फर्मकडे त्या क्षेत्रातलं काम आहे की नाही. असलं तर लेख वाईट ठरत नाही, वाचणारा फक्त जरा जपून वाचेल. जाहिरातींशिवाय पेपर चालत नाही हेही समजतं, तरी जे पान पैसे घेऊन छापलंय त्यावर "जाहिरात" हा शब्द आत्ता कोपऱ्यात मुंगीएवढा असतो तो जरा वाचता येईल असा करा. काही लेखक म्हणतील आम्ही असं काही लिहून देणार नाही. त्यांनी नाही दिलं तर "माहिती दिली नाही" असं छापा, तेही आम्हाला पुरेल.

अर्थविषयक पान तुम्ही सोमवारी काढता. येत्या सोमवारी शक्य नसेल हे मान्य, पण पुढच्या महिन्यापासून ही ओळ सुरू करणार की नाही, आणि नसल्यास का नाही, याचं उत्तर वाचकांच्या पत्रव्यवहारातच द्यावं ही विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली